आखाड्याच्या काठावर

कुस्तीचा इतिहास लिहिणारे दोघांचीच नावे टिपून ठेवतात. एक पाडणारा आणि दुसरा पडणारा. परंतु आखाड्याला काठ असतो आणि त्या काठावर आणखी काही माणसे बसलेली असतात. पोराला मातीत उतरविणारा वस्ताद असतो, त्याच्या खुराकासाठी दारात म्हैस राखणारा बाप असतो, आणि पहिलवान शिकणारा असेल तर त्याचा मास्तर किंवा प्रिन्सिपॉल असतो. या काठावरच्या माणसांचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. यश पोराच्या मनगटाचे हे खरे. पण ते मनगट घडते कसे आणि मोडते कसे, हे पाहावयाचे तर नजर काठाकडेच वळवावी लागते.

हा विषय मनात घोळण्याचे कारण माझ्या पेशात आहे. मी मास्तर. आमची मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यातली, कर्नाटकाच्या शिवेजवळची. पुष्कळ पोरे घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी. तालमीला येथे कोणी तालीम म्हणतो, कोणी गरडी. शालेय स्पर्धांच्या दिवसांत मैदानावर उभे राहिले, की पोरांपेक्षा पालकांचाच आवाज मोठा ऐकू येतो. पूर्वी बाप पोराला खेळावयास गेल्याबद्दल मारी. आता खेळात हरल्याबद्दल मारतो. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे प्रमाणपत्राच्या कागदाला भाव आला आहे. बाप पंचाशी हुज्जत घालतो, प्रशिक्षकाला ‘पोराला जरा कडक ठेवा’ म्हणून बजावतो आणि त्याच प्रशिक्षकाने पोराला बाहेर बसविले की त्याच्यावर उखडतो. त्या गदारोळात पोर मात्र खाली मान घालून बुटाची नाडी बांधीत असते.

कडक वस्ताद आणि हौशी बाप आपल्याकडे काही आज उपजलेले नाहीत. मग जुन्यात आणि नव्यात फरक पडला तो कोठे? याचे उत्तर शोधण्यासाठी कॉलेजातल्याच एका पहिलवानाची कथा पुन्हा एकदा उघडून पाहू. कथा तुमच्या-माझ्या ओळखीची आहे. पण या वेळी ती काठावरून पाहावयाची आहे.

*

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव जन्मले. पाच भावांत सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. मुलगा पाच वर्षांचा झाला तोच त्यांनी त्याला मातीची ओळख करून दिली. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर पोराचा पहिला प्रशिक्षक त्याचा बापच होता, आणि शिक्षण सुरू होण्याचे वयही आजच्या हौशी पालकांना लाजविणारे होते. तरीही या बापाने पोराला घराच्या मातीत कोंडून ठेवले नाही. खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि तेथून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

ते कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचे कोल्हापूर. युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या महाराजांनी आपल्या नगरीत खासबागेचे मैदान बांधविले. ते १९१२ साली पुरे झाले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत गावोगावची पोरे येऊन राहत. तालमीची शिस्त मऊ नव्हती. अंधार असतानाच उठावे, मारुतीपुढे माथा टेकावा, माती उकरावी, जोर-बैठका काढाव्या आणि मग लढतीला उभे राहावे. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेल्या त्या लाल मातीत रोज अंग घुसळून निघे. वस्तादाचा शब्द शेवटचा असे, आणि त्याच्या हातातली काठी केवळ टेकण्यासाठी नसे. या कडकपणाचे गोडवे आपण पुष्कळ गातो. त्यात पोरांचे हाल झालेच नाहीत असे मी म्हणणार नाही. मारामुळे पहिलवान घडतो, ही समजूत तेव्हाही खोटी होती आणि आजही खोटीच आहे.

पण त्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. जोड लावणे हे वस्तादाचे सर्वांत मोठे काम. कोणता पोर कोणाशी लढवावयाचा, किती दिवसांनी लढवावयाचा, हे त्याने ठरवावे. वजन, वय, दम पाहून तुल्यबळ जोड लावणारा तो खरा वस्ताद. पोर भलत्या जोडीला घालून चीत करविले, तर मैदानावर हसे होई ते पोराचे नव्हे, वस्तादाचे. त्याची स्वतःची अब्रू रोज मातीत उतरत असे. पणाला काही लागले असेल तर त्यात त्याचाही वाटा होता.

*

राजाराम कॉलेज हे १८८० पासूनचे जुने कॉलेज. माधव जूलियन, ना. सी. फडके अशांनी तेथे शिकविलेले. अशा कॉलेजात १९४८ साली वार्षिक क्रीडास्पर्धांच्या वेळी हा शेतकऱ्याचा मुलगा कुस्तीसाठी नाव द्यावयास गेला. त्याची लहानखुरी चण पाहून क्रीडाशिक्षकांनी त्याला परत पाठविले. तो थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेला. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि या ठेंगण्या मुलाने आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक अस्मान दाखविले. नाकारणारे क्रीडाशिक्षक काही दुष्ट नव्हते. त्यांनी देह पाहिला. प्राचार्यांनी मुलाचे म्हणणे ऐकून घेतले. काठावरच्या माणसाचे पहिले काम ऐकण्याचे असते, एवढा बोध मी त्यातून घेतो.

त्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला मल्ल गादीवर उतरला. आंतरराष्ट्रीय नियम त्याला नवे होते. तरीही ५२ किलो गटात त्याने सहावा क्रमांक मिळविला. परत आल्यावर चार वर्षे तो मेहनत करीत राहिला.

१९५२ साली हेलसिंकीचे ऑलिंपिक आले. तेथे जावयाचे तर पैसा हवा होता. गावकऱ्यांनी झोळी फिरविली, थोडेथोडे जमले. पण पुरे पडेना. तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! ज्याचे घर त्याला पोराच्या पदकातून काय मिळणार होते? मुलगा त्यांच्या पोटचा नव्हता, रक्ताचा नव्हता. पदक आले नसते तर घर गेले असते, आणि कोणी त्यांना शहाणे म्हटले नसते.

२३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत खाशाबांनी ५७ किलो गटात फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी पाडले. जपानच्या शोहाची इशीबरोबर मात्र दमछाक करणारी कुस्ती झाली आणि ते हरले. त्यानंतर लगोलग त्यांना सोव्हिएत मल्ल राशिद ममदबेयोवपुढे उभे करण्यात आले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांत अर्धा तास विसावा मिळावयास हवा होता. तो मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेला मल्ल एकटाच पुन्हा गादीवर चढला आणि हरला.

या कथेत मला सर्वांत जास्त बोचते ती हीच जागा. काठावर माणूस हवा होता, आणि नेमका तेव्हाच काठ रिकामा होता. त्याने ओरडावयाचे नव्हते, डाव सुचवावयाचा नव्हता. ‘मुलगा थकला आहे, त्याला अर्धा तास बसू द्या’ एवढेच एक वाक्य म्हणावयाचे होते. आज आपल्या मैदानांच्या काठावर पाय ठेवावयास जागा नसते. पण हे एक वाक्य तेथे कितीदा ऐकू येते?

स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे यावयास १९९६ साल उजाडावे लागले. कऱ्हाडाहून गोळेश्वरापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड भरविले, त्यात स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. गुरूने मागितले नव्हते. शिष्याने ठेवून घेतले नाही. पुढे १९५५ साली ते पोलिस खात्यात फौजदार झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. सरकारी काठ त्यांच्या वाट्याला बराच काळ रिकामाच राहिला.

*

कोणी म्हणेल, हे मातीचे झाले. आता दिवस गादीचे आणि क्रिकेटचे. तर क्रिकेटचे पाहू. मालवणकडचे रमाकांत आचरेकर शिवाजी पार्कवर पोरे घडवीत. कडक म्हणून त्यांची ख्याती. सराव टाकून दुसऱ्यांचा सामना पाहावयास गेलेल्या सचिनला त्यांनी फैलावर घेतले. दुसऱ्यांसाठी टाळ्या कशाला वाजवतोस, असे खेळ की लोक तुझ्यासाठी वाजवतील, हा त्या बोलण्याचा मथितार्थ. पण हेच सर त्याच पोराला आपल्या स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत; बाद करणाऱ्याला ते मिळे, आणि बाद न होता सराव संपविला तर सचिनला. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. रुपया सरांच्या खिशातला, पेट्रोलही सरांचेच.

आणि बाप? रमेश तेंडुलकर हे कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि कवी. १९८४ साली अकरा वर्षांच्या सचिनला आचरेकरांकडे घेऊन गेला तो थोरला भाऊ अजित. वडिलांनी मोकळीक दिली आणि आडवाट धरू नकोस एवढेच सांगितले, असे सचिनने निवृत्तीच्या दिवशी भर मैदानात सांगितले. मुलाच्या खेळात न शिरताही बापाला मुलामागे उभे राहता येते, याचे हे उदाहरण घरोघरी सांगण्यासारखे आहे.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. अमेरिकेत कॉलेजचे खेळ म्हणजे केवढा थोरला बाजार. इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला बॉबी नाइट या प्रशिक्षकाने १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. चिडला की हा गृहस्थ आवरत नसे; १९८५ साली चालू सामन्यात त्याने मैदानावर खुर्ची भिरकावली. १९९७ च्या सरावात त्याने एका खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याची चित्रफीत २००० साली जगाने पाहिली, आणि त्याच वर्षी एका विद्यार्थ्याचा दंड धरल्याच्या प्रकरणानंतर विद्यापीठाने त्याला काढले. गंमत अशी की, त्याला काढल्याबद्दल विद्यार्थ्यांनीच निदर्शने केली! जिंकून देणाऱ्याचा कडकपणा लोकांना गोड लागतो. बोट मोडते ते दुसऱ्याच्या पोराचे.

पालकांची कथा तर याहून विलक्षण. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने पन्नास जणांवर खटले भरले. त्यांत धनाढ्य आईबाप होते, परीक्षा-दलाल होते आणि नामांकित विद्यापीठांचे प्रशिक्षकही होते. आपली मुले मोठमोठ्या विद्यापीठांत जावीत म्हणून कित्येक आईबापांनी लाच चारून ती खेळाडू असल्याचे भासविले होते. जी मुले तो खेळ कधी खेळलीच नव्हती, त्यांची छायाचित्रे खेळाडूच्या पोशाखात तयार करविली होती! खर्डेकरांनी खऱ्या खेळाडूसाठी स्वतःचे घर गहाण टाकले. या आईबापांनी खोट्या खेळाडूसाठी गहाण टाकले ते मुलांचे नाव. त्यांपैकी काही तुरुंगातही जाऊन आले. मुलांच्या कपाळी लागलेला शिक्का मात्र कोणत्या न्यायालयात पुसून मिळणार?

*

हा सारा इतिहास चाळल्यावर मला एक कसोटी सापडली. गुरू मऊ की कडक, बाप जवळ की दूर, यावर फार काही ठरत नाही. पणाला कोणाचे लागले आहे, ते पाहावे. जेथे मोठ्या माणसाने आपले घर, आपली झोप, आपली अब्रू पणाला लावली, तेथे कडकपणाही पोरांनी आयुष्यभर मायेने आठवला. जेथे मोठ्यांनी आपल्या इच्छेसाठी पोराचे बालपण डावावर लावले, तेथे गोड शब्दांनीही पोर मोडले. काठावरून ओरडणाऱ्या बापाला म्हणूनच विचारावेसे वाटते: दादा, हरला तर तुमचे काय जाणार आहे? उत्तर ‘माझी मान खाली जाईल’ असे असेल, तर पोराच्या खांद्यावर नको ते ओझे आहे असे खुशाल समजावे.

खाशाबांनंतर ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. मुलगा २००९ पासून सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला. त्याला घडविणाऱ्या दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला जाऊन आलेल्या. वडील शिक्षक. निकालानंतर गावात वार्ताहर जमले तेव्हा वडिलांनी सांगितले, की त्याचे लक्ष खेळावरच राहावे म्हणून आदल्या दिवशी आम्ही त्याला फोनसुद्धा केला नाही.

हातात फोन आहे, पोर सात समुद्रांपलीकडे आहे, उद्या त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस आहे, आणि आईबाप फोन खाली ठेवतात. खर्डेकरांचे गहाण घर आणि हा न केलेला फोन, दोहोंची जात एकच. यंदा दिवाळीच्या सुट्टीत पोरे मैदानावर जातील. त्यांना जाऊ द्यावे, धुळीने माखून येऊ द्यावे, आणि घरी आल्यावर ‘जिंकलास का?’ याआधी ‘दमलास का रे?’ एवढे विचारावे.