काँक्रीटचे बळ आणि काँक्रीटचे आयुष्य

गोव्यात मांडवी नदीवर १९७० साली बांधून झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. सोळा वर्षे म्हणजे पुलाचे बालपणच. काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. मग त्या तारांभोवतीचे काँक्रीट काय करीत होते?

१८२४ साली जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे काँक्रीटची मुख्य परीक्षा एकच ठरली : ठोकळा दाबून फोडावयाचा आणि त्याने किती भार सोसला ते पाहावयाचे. परंतु बळ निराळे आणि आयुष्य निराळे. भरीव दिसणारे काँक्रीट वस्तुतः सूक्ष्म रंध्रांनी भरलेले असते. सिमेंटमधील चुन्याच्या सान्निध्यात पोलाद सुरक्षित राहते. रंध्रांतून कार्बन डायॉक्साइड किंवा समुद्रकाठची लवणे आत शिरली, की हे संरक्षण ढळते. मग ओल आणि प्राणवायू यांच्या योगाने गंज चढतो, फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो.

तेव्हा सळईवरील इंच-दोन इंचांच्या थरातून वायू किती सहज जातो, हा खरा प्रश्न. झिरपण्याचा मूळ नियम हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली वाळूतून जाणाऱ्या पाण्यावरून मांडला होता. १९७३ साली इंग्लंडमध्ये फिग यांनी काँक्रीटला बारीक छिद्र पाडले, त्याचे तोंड बुजवले, आतील हवा शोषून घेतली आणि ती पुन्हा भरण्यास लागणारा वेळ मोजला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्टो टोरेंट यांनी छिद्राचीही गरज ठेवली नाही. त्यांच्या उपकरणाच्या वाटीत एकात एक असे दोन कप्पे असतात. ती पृष्ठभागावर बसवून दोन्हींतील हवा काढतात. बाहेरचा कप्पा कडेची हवा अडवतो. आतल्यात केवळ समोरच्या काँक्रीटमधून येणारी हवा जमते. ती जितकी सावकाश येईल, तितके काँक्रीट घट्ट. काही मिनिटांत निर्णय मिळतो. मात्र ओल्या काँक्रीटची रंध्रे पाण्याने बुजलेली असल्याने ते खोटी ग्वाही देते. म्हणून ओलावा आधी तपासावा लागतो. २००३ साली स्विस मानकाने ही पद्धत स्वीकारली.

श्रोतेहो, या चाचणीचे महत्त्व एका साध्या गोष्टीत आहे. परीक्षेचा ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत सुखाने पडून असतो. पूल मात्र उन्हात उभा असतो. त्यावर पुरेसे दिवस पाणी मारले नाही, तर ठोकळा उत्तीर्ण होतो आणि पुलाची त्वचा सच्छिद्र राहते. परीक्षा ठोकळ्याची नव्हे, पुलाची घ्यावयास हवी.