दोन महायुद्धे आणि महार पलटण : शौर्य तेच होते, मग बदलले काय?

१ जानेवारी आला की मारेगावपासून मुंबईपर्यंत आपले मोबाईल भीमा कोरेगावच्या पोस्टने भरून जातात. शौर्याचा अभिमान हवाच. पण नुसत्या शौर्याने हक्क मिळतात का?

इतिहास काय सांगतो ते पाहू. कंपनीच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या लढलेल्या महारांची भरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात बंद केली. ‘लढाऊ जाती’ नावाच्या थोतांडात आपण बसत नव्हतो! गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. सरकारने दाद दिली नाही.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा आपली आठवण झाली. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. त्याच वर्षी कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळत नव्हती. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत पलटणही मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. दुसरी बटालियन आपल्या विदर्भात, कामठीत उभारली गेली. हे युद्ध संपले, इंग्रजही गेले. रेजिमेंट मात्र आजही आहे.

कोणी म्हणेल, इंग्रजांना माणसे हवी होती म्हणून भरती केली. खरे आहे. पण माणसे १९१७ मध्येही हवी होती. मग फरक कशाने पडला?

फरक मधल्या वीस वर्षांचा आहे. १९२० चा ‘मूकनायक’, १९२७ चा महाड, गोलमेज परिषद, १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष. १९१७ मध्ये आपल्याकडे फक्त सैनिक होते. १९४१ मध्ये सैनिकांमागे जागा झालेला समाज होता आणि व्हाइसरॉयच्या संरक्षण परिषदेत खुद्द बाबासाहेब होते. पुढच्याच वर्षी ते मजूरमंत्री झाले. अर्ज करणारा समाज आता निर्णयाच्या टेबलावर बसला होता.

म्हणून तरुणांनो, विजयस्तंभाला मानवंदना जरूर द्या. बाबासाहेबांनीही १९२७ च्या १ जानेवारीला ती दिली. पण तिथून ते घरी जाऊन बसले नाहीत. अडीच महिन्यांत महाडच्या तळ्यावर पोहोचले. आपण १ जानेवारीनंतर कुठे पोहोचतो?

जय भीम!