उतरायला स्टेशन नसलेली गाडी : रेल्वेतील विचारप्रवण थरारपट आणि प्रेक्षकांचा कौल

धावत्या रेल्वेगाडीत घडणारा थरारपट म्हटला, की प्रेक्षकाची अपेक्षा ठरलेली असते. गाडी संकटात सापडावी, कोणीतरी टपावरून धावत इंजिनापर्यंत पोचावे, अखेरच्या क्षणी ब्रेक लागावेत आणि प्रवाशांनी फलाटावर आप्तांच्या गळ्यात पडावे. या अपेक्षेला जाणीवपूर्वक नकार देणारे काही चित्रपट आहेत. त्यांत वेग आहे, हाणामारी आहे, रक्तपात आहे. मात्र दिवे लागल्यावर प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकत नाही. ‘रनअवे ट्रेन’ (१९८५), ‘स्नोपिअर्सर’ (२०१३) आणि आपल्याकडील ‘किल’ (२०२३) ही त्यांची ठळक उदाहरणे होत.

या तिन्ही चित्रपटांविषयी प्रेक्षकांची मते टोकाची आहेत. एकाला जी कलाकृती अविस्मरणीय वाटते, तीच दुसऱ्याला निष्कारण उदास वा क्रूर वाटते. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. चित्रपटगृहात शिरताना आपण दिलासा मागतो की सत्य, हा जुना वाद त्यामागे आहे. (चर्चेच्या ओघात या चित्रपटांचे शेवट येथे उघड झाले आहेत, याची वाचकांनी नोंद घ्यावी.)

दोन वेगळे रूळ

हिंदी चित्रपटसृष्टीत रेल्वेचा थरार आणि रेल्वेचे तत्त्वज्ञान दीर्घकाळ वेगवेगळ्या रुळांवरून धावले. थराराच्या रुळावरचे सर्वपरिचित नाव म्हणजे रवी चोप्रा दिग्दर्शित ‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०). दिल्लीहून मुंबईकडे पहिल्याच फेरीला निघालेली ‘सुपर एक्स्प्रेस’, मत्सराने पेटलेल्या सहकाऱ्याने केलेला घातपात, आग, आणि धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र अशी तारकांची फौज. प्रवाशांची सुटका होणार याविषयी प्रेक्षकाला शंका नसते. ती कशी होणार, एवढेच कुतूहल असते.

दुसऱ्या रुळावर अवतार कृष्ण कौल यांचा ‘२७ डाऊन’ (१९७४) उभा आहे. रमेश बक्षी यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या कृष्णधवल चित्रपटाचा नायक रेल्वेत तिकीट तपासनीस आहे. वडिलांच्या आग्रहाखातर कलाशिक्षण सोडून तो ही नोकरी पत्करतो आणि त्याचे सारे आयुष्य इतरांनी आखलेल्या मार्गावरून जात राहते. एम. के. रैना आणि राखी यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटाचे छायालेखन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या ए. के. बीर यांनी केले होते. त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कौल यांचे त्याच वर्षी बुडून निधन झाले आणि हा त्यांचा एकमेव चित्रपट ठरला. येथे गाडीला आग लागत नाही, कोणी टपावर चढत नाही. तरीही रूळ माणसाला कोठे नेतात, हा प्रश्न या चित्रपटाने आपल्याकडे आधीच विचारून ठेवला होता.

हे दोन रूळ जेथे एकत्र येतात, तेथे प्रेक्षकांची फाळणी सुरू होते.

ब्रेकचे भय

गाडी थांबणार नाही, ही भीती पुणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. कर्जत ते लोणावळा या बोरघाटातील चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे. त्यामुळे घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला जादा बँकर इंजिने जोडली जातात. घाट उतरण्याच्या मार्गावर ‘कॅच सायडिंग’ची योजना आहे. हा मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा फाटा असतो. गाडी आधी ठरलेल्या जागी थांबून ब्रेक ठीक असल्याचे दाखवते आणि मगच तिला पुढचा मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झाले असतील तर गाडी आपोआप त्या चढावर वळते आणि तिचा वेग मोडतो. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून या डोंगराने अभियंत्यांना एकच धडा दिला आहे : वेग देणे सोपे, तो परत घेणे अवघड.

ही भीती कपोलकल्पितही नाही. १५ मे २००१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ४७ डब्यांची मालगाडी चालकाविना सुमारे दोन तास धावत राहिली. दुसऱ्या इंजिनाने मागून पकडून तिचा वेग कमी केल्यावर एका कर्मचाऱ्याने तीत चढून ती थांबवली. या घटनेवर टोनी स्कॉट यांचा ‘अनस्टॉपेबल’ (२०१०) हा सुखान्त चित्रपट बेतला आहे. ‘रनअवे ट्रेन’ मात्र याच भीतीतून निराळ्या निष्कर्षाला पोचतो.

‘रनअवे ट्रेन’ : न थांबण्याची निवड

या चित्रपटाचे मूळ जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या पटकथेत आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत हा चित्रपट करण्याची त्यांची योजना होती. तो त्यांचा पहिला रंगीत चित्रपट ठरला असता, पण ती योजना बारगळली. पुढे रशियन दिग्दर्शक आंद्रेई कोंचालोव्स्की यांनी नव्याने लिहवून घेतलेल्या पटकथेवरून तो पूर्ण केला. तारकोव्हस्की यांच्या ‘आंद्रेई रुब्ल्योव’चे हे सहलेखक. नव्या पटकथेच्या लेखकांपैकी एडवर्ड बंकर यांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता.

अलास्कातील तुरुंगातून मॅनी आणि बक हे दोन कैदी पळतात. मॅनीच्या कोठडीचे दार अधीक्षक रँकनने तीन वर्षे वितळजोड करून बंद ठेवलेले असते. दोघे चार इंजिनांच्या एका जोडणीत लपतात. चालकाला हृदयविकाराचा झटका येतो. ब्रेक लागतात, पण इंजिनाची ओढ सुरूच राहिल्याने ते जळून जातात. गाडीत सारा नावाची एक रेल्वे कर्मचारीही अडकलेली असते. पुढे रासायनिक कारखान्याजवळ धोक्याचे वळण आहे. तेव्हा नियंत्रण कक्षापुढे पेच उभा राहतो : तिघांना वाचवण्यासाठी अनेकांचे प्राण पणाला लावायचे, की गाडी बंद मार्गावर वळवून तिघांना मरू द्यायचे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारला जाणारा प्रश्न येथे खटक्याच्या दांड्यावर येऊन ठेपतो.

चाहते ज्या प्रसंगाचा वारंवार उल्लेख करतात, त्यात मारामारी नाही. सुटकेची स्वप्ने रंगवणाऱ्या तरुण बकला मॅनी सुनावतो, की बाहेर पडलास तर हलकीसलकी नोकरी धर, फरशी पूस, मालकाने डाग दाखवला तर मान खाली घालून तो पुन्हा पूस. असे जगणे तुला जमेल का, या बकच्या प्रश्नावर, जमले असते तर बरे झाले असते, अशा अर्थाचे उत्तर मॅनी देतो. साऱ्या चित्रपटाचे दुःख त्या उत्तरात आहे. अखेरीस मॅनी पुढचे इंजिन सोडवून बक आणि सारा यांना वाचवतो. स्वतः मात्र गाडी थांबवण्याची संधी असूनही ती थांबवत नाही. रँकनला आत जखडून, टपावर दोन्ही हात पसरून, तो हिमवादळात दिसेनासा होतो.

जॉन व्हॉइट (मॅनी) आणि एरिक रॉबर्ट्स (बक) या दोघांना ऑस्करची नामांकने मिळाली, संकलनालाही मिळाले. व्हॉइट यांनी गोल्डन ग्लोब पटकावला. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले. तिकीटबारीवर मात्र त्याला बेताचेच यश मिळाले. नाराज प्रेक्षकांचे आक्षेप ठरलेले आहेत : रॉबर्ट्स फार आरडाओरडा करतात, नियंत्रण कक्षातील पात्रे उथळ आहेत, अधीक्षक हा खलनायकाचा ठोकळा आहे. पहिले दोन आक्षेप बऱ्याच अंशी मान्य व्हावेत. शेवटाबाबत मात्र एकमत होत नाही. काहींना तो मुक्तीचा क्षण वाटतो, काहींना सुडाने आंधळ्या झालेल्या माणसाची आत्महत्या. चित्रपट दोन्ही अर्थांना जागा ठेवतो आणि चार दशकांनंतरही त्याच्यावर वाद होतो तो त्यामुळेच.

‘स्नोपिअर्सर’ : डब्यांची उतरंड

दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी १९८२ च्या एका फ्रेंच चित्रकथेवरून हा चित्रपट केला. तापमानवाढ रोखण्यासाठी आकाशात सोडलेल्या रसायनाने पृथ्वी गोठली आहे आणि उरलेली माणसे जगाभोवती फिरणाऱ्या एका गाडीत जगत आहेत. शेपटीच्या डब्यात उपाशी जनता, पुढच्या डब्यांत ऐषाराम. शेपटीतील कर्टिस उठाव करून एकेक डबा जिंकत इंजिनापर्यंत पोचतो. तेथे त्याला कळते, की आपला उठावही गाडीचा समतोल राखण्यासाठी वरूनच घडवला गेला होता.

या चित्रपटाबाबत पहिला मतभेद संभाव्यतेचा आहे. एवढी माणसे, एवढे अन्न, वर्षानुवर्षे दुरुस्तीविना टिकणारे रूळ, हे पटत नाही, असे अनेक जण म्हणतात. रूपककथेला वेळापत्रकाचे नियम लावू नयेत, हे त्यावरचे उत्तर. दुसरा मतभेद अधिक खोल आहे. शेवटी स्फोट होऊन गाडी घसरते, एक तरुणी आणि एक लहान मुलगा बर्फात उतरतात आणि समोर एक पांढरे अस्वल दिसते. कोणाला त्यात जीवसृष्टी परतल्याची खूण दिसते, तर कोणाला त्या दोघांचा मृत्यू. अमेरिकेतील वितरकाने चित्रपटाला मोठी कात्री लावण्याचा आग्रह धरला होता. बाँग यांनी तो मानला नाही आणि २०१४ मध्ये चित्रपट तेथे मूळ लांबीतच, पण मोजक्या चित्रपटगृहांत लागला.

‘किल’ : खलनायकांचे अश्रू

मुंबईत निर्मिती झालेला, निखिल नागेश भट दिग्दर्शित ‘किल’ हा या परंपरेतील आपल्या सर्वांत जवळचा चित्रपट. सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवाच्या मध्यरात्रीच्या विभागात तो प्रथम दाखवला गेला आणि ५ जुलै २०२४ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्याच्या साहसदृश्यांची आखणी परवेझ शेख यांच्यासह ‘स्नोपिअर्सर’वर काम केलेले कोरियन कलाकार से-योंग ओह यांनी केली.

कथा साधी आहे. अमृत (लक्ष्य) हा कमांडो आपल्या प्रेयसीसाठी, तुलिकासाठी (तान्या मानिकतला), दिल्लीला निघालेल्या गाडीत चढतो. वाटेत सशस्त्र दरोडेखोर गाडी ताब्यात घेतात. त्यांच्यातील फनी (राघव जुयाल) तुलिकाची हत्या करतो आणि त्यानंतरच, चित्रपट बराच पुढे सरकल्यावर, पडद्यावर नाव झळकते. तोवर केवळ बचाव करणारा अमृत त्या क्षणापासून ठार मारू लागतो.

येथेच प्रेक्षक दुभंगतात. दरोडेखोर हे एका कुटुंबगोतावळ्यातले आहेत. बाप, काका, भाऊ अशी नाती असलेली ही माणसे आपल्या मृतांपाशी बसून रडतात. नायकाच्या प्रत्येक प्रहाराला टाळ्या वाजवणारा प्रेक्षक त्या आक्रोशाने अडखळतो. समर्थकांच्या मते हेच चित्रपटाचे मर्म आहे : सूड घेणारा आणि ज्याच्यावर सूड घेतला जातो तो, दोघांचेही घर उजाडते. विरोधकांना हे पटत नाही. इतकी क्रूर दृश्ये चवीने दाखवायची आणि वर हिंसेविषयी खंत व्यक्त करायची, हा दुटप्पीपणा असल्याचे ते म्हणतात. नायिकेचा उपयोग केवळ नायकाच्या क्रोधाला निमित्त म्हणून झाला, हा आक्षेपही वाजवी आहे. जुयाल यांचा थंड, थट्टेखोर खलनायक आणि अरुंद डब्यातील झटापटींची आखणी यांचे कौतुक मात्र दोन्ही बाजू करतात.

वादाचे मूळ

तिन्ही चित्रपटांवरील मते एकत्र ठेवली, की एक गोष्ट स्पष्ट होते. तक्रार क्वचितच कंटाळ्याची असते. ती बहुधा फसवणुकीची असते. साहसपटाचे तिकीट काढले आणि हाती शोकांतिका आली, असे प्रेक्षकाला वाटते. ही तक्रार समजण्याजोगी असली, तरी रेल्वेगाडी निवडण्यामागचे कारण ती नजरेआड करते. रस्त्यावरची मोटार वळवता येते. गाडीला रूळ सोडता येत नाही आणि आतल्या माणसाला शेजाऱ्यापासून दूर जाता येत नाही. त्यामुळे साहसपटात एरवी झाकले जाणारे प्रश्न येथे समोरच्या बाकावर येऊन बसतात : दुसऱ्याच्या सुटकेची किंमत कोणी मोजायची? सारी गाडीच अन्यायावर चालत असेल तर ती चालू ठेवायची की मोडायची? सूड पूर्ण झाल्यावर उरते काय?

‘द बर्निंग ट्रेन’ प्रवाशांना घरी पोचवतो आणि त्यात गैर काही नाही. ‘रनअवे ट्रेन’मध्ये दोघे वाचतात, कारण तिसरा थांबायला नकार देतो. ‘स्नोपिअर्सर’मध्ये गाडीच नष्ट झाल्याखेरीज बाहेरची जमीन दिसत नाही. ‘किल’चा नायक जगतो, पण जिच्यासाठी तो गाडीत चढला ती उरत नाही. हे चित्रपट आशा नाकारत नाहीत. तिची किंमत मात्र सवलतीत देत नाहीत.

ज्यांनी यांपैकी काहीच पाहिलेले नाही, त्यांनी ‘रनअवे ट्रेन’पासून सुरुवात करावी. त्यातील हिंसा तुलनेने मर्यादित आहे आणि वाद घालण्याजोगे सर्वाधिक त्यातच आहे. ‘किल’ केवळ प्रौढांसाठी प्रमाणित असून रक्तपात सहन न होणाऱ्यांनी तो टाळलेलाच बरा. आणि शक्य असेल तर हे चित्रपट एकट्याने पाहू नयेत. मॅनीने गाडी थांबवायला हवी होती का, या प्रश्नावर सोबत्याशी होणारा वाद, चित्रपटाइतकाच ऐकण्याजोगा असतो.