दुसरं अजून आत हाय

आमचे आण्णा पायाळू. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात याचा अर्थ असा, की कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस सकाळीच आमच्या ओट्यावर पालथा पडायचा आणि आण्णांनी त्याच्या पाठीला हलकेच पाय लावायचा. आण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे. या प्रकारावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण दारात आलेल्याला नाही म्हणणंही त्यांना जमत नसे. विहीर खणायची झाली की पाण्याची जागा विचारायला लोक यायचे. वळवाचं आभाळ गडगडलं की आजी त्यांना, चांगल्या पोराबाळांच्या बापाला, दंडाला धरून घरात ओढायची, कारण पायाळूवर वीज पडते. गुप्तधनाच्या गोष्टी तर ती दार लोटून सांगायची. असल्या पोरांच्या डोळ्यांत अंजन घालतात, जमिनीखालचे हंडे बघायला लावतात आणि पुढे काय काय करतात, हे तिनं माहेरी ऐकलेलं. २०१३ साली राज्यात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तेव्हा आण्णा म्हणाले होते, ‘माझ्या मानानं जरा उशीरच केला.’

आण्णा एकटे आले नव्हते. आधी आत्या, डोक्याकडून, बिनबोभाट. मागून आण्णा, पायाकडून. आजीच्या लेखी साल ‘पत्री सरकारचं’, म्हणजे १९४३ ते ४६ यांतलं कुठलंही. शाळेच्या दाखल्यावर दोघांचीही जन्मतारीख १ जून आहे, ती अर्थात मास्तरांनी लावून दिलेली. आजी मात्र आषाढ होता म्हणून ठाम. कोयनेला पूर, होडी बंद, आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात अडलेल्या बाईचं पोट फाडून मूल काढतात हे नुसतं ऐकून माहीत.

ही गोष्ट मी आजीकडून ऐकली आणि आत्याकडूनही. आत्या आपल्याच जन्माची हकिकत शेजारी बसून पाहिल्यासारखी सांगते, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही. पण काही गोष्टी दोघींच्या सांगण्यात सारख्याच येतात. बाळंतिणीच्या खोलीत आढ्याला दोर बांधला होता आणि आजी तो धरून उकिडवी बसली होती. सुईण आली ती आधी चुलीपाशी वाकून, विळीवर नखं काढून बसली. आत्या झाली, रडली. सगळ्यांना वाटलं, मोकळी झाली. थोरल्या सासूबाईंनी वार पडायची वाट न बघता आजीच्या तोंडात तिच्याच वेणीचा शेंडा कोंबायला घेतला. उमाळा आला की वार सुटते अशी समजूत. सुईणीनं तो हात धरला. दुसरा हात आजीच्या पोटावर ठेवला, वरून खाली, मग बरगडीखाली एका जागी थांबवला.

‘दुसरं अजून आत हाय. डोस्कं वर हाय. कुणी वढू नगा.’

मग तिनं आत्याची नाळ दोन ठिकाणी दोऱ्यानं आवळून बांधली आणि मधे कापली. आणि ती बसून राहिली. आजीच्या कळा थांबल्या होत्या. सुंठ-गूळ घातलेली पेज दिली, पाठ चोळली. बाहेर पणजोबा येरझारा घालतायत, आत सासूबाई कुरकुरतायत, आणि ही बाई बसलेली. किती वेळ? आजी म्हणायची, हंड्यातलं पाणी दोनदा तापलं. आत्याच्या मते अर्धा दिवस.

कळा परतल्या, पाणमोट फुटली आणि पाऊल दिसलं. सुईणीनं ते चाचपून टाच आहे याची खात्री केली, कारण हातालाही पाच बोटं असतात, पण टाच नसते. ऊन पाण्यात पिळलेलं जुनेर घेऊन त्यात तिनं पाय धरले, धरले फक्त. बेंबीपर्यंत मूल आपसूक येऊ दिलं. नाळेचा फास बोटानं जरा सैल केला. पाठ वरच्या अंगाला राहील असं वळवलं, एकेक हात चेहऱ्यावरून खाली उतरवला, मूल झबल्यातून हात काढतं तसा. शेवटी आपल्या हातावर मुलाला घोड्यासारखं बसवून बोटं त्याच्या गालफडांवर टेकवली आणि सासूबाईंना म्हणाली, आता वरून ओटीपोट दाबा. आण्णा निळे पडलेले. काशाची थाळी बडवली, कांदा फोडून नाकाशी धरला, तेव्हा कुठे आवाज फुटला.

हे सगळं पुढे मी माझ्या चुलतबहिणीला सांगितलं. ताई स्त्रीरोगतज्ज्ञ, तिची बरीच वर्षं शिकवण्यात गेली. मला वाटलं होतं ती हसेल. कांद्याला हसलीच. बाकीचं मात्र तिनं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

‘ओढलं असतं तर आण्णा गेले असते,’ ती म्हणाली. पायाळू मुलाला खालून खेचलं की त्याचे हात वर डोक्याच्या बाजूला जातात आणि हनवटी छातीपासून सुटते. मग डोकं अडकतं. मुलाचं सगळ्यांत मोठं आणि टणक तेच, आणि इथे तेच शेवटी येतं, त्यामुळे वाटेच्या मापाचं व्हायला त्याला सवड नसते. बेंबी बाहेर आली की नाळ दबायला लागते, म्हणजे हातात मिनिटंच उरतात. म्हणून आधी थांबायचं आणि नंतर थांबायचं नाही, ही या कामातली मेख. गालफडांवर बोटं टेकवून डोकं वाकवायची ती रीत सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मोरिसोनं लिहून ठेवली आणि आजही ती त्याच्या नावानं शिकवतात. हात उतरवायची एक रीत नॉर्वेच्या लोव्हसेटच्या नावावर आहे. आमच्या सुईणीच्या नावावर काहीच नाही. तिचं नाव घरात कुणाला सांगताच येत नाही. त्या वर्षीच्या बैलजोडीची नावं आजीला पाठ होती. सुईण मांगवाड्यातली, एवढंच कळतं. बाळंतिणीच्या खोलीत ती मागच्या दारानं आली आणि पुढचे दहा दिवस त्याच दारानं येत राहिली. ज्या हातांनी आण्णा या जगात आले त्या हातांना आमच्या माजघरातल्या हंड्याला शिवायची मुभा नव्हती. मोबदल्यात एक लुगडं, खण-नारळ आणि जोंधळे. जुळं म्हणून दुप्पट द्यावं असं आजीचं म्हणणं होतं; पणजोबांचा हिशेब असा की बाळंतपण एकच झालं.

नखांवरून ताईनं सुश्रुत काढला. प्रसूतीच्या वेळी जवळ चार जाणत्या, वयानं पिकलेल्या, नखं कापलेल्या बायका असाव्यात, असं सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. मूढगर्भाच्या प्रकरणात दोन्ही पाय आले तर काय करायचं, एकच आला तर दुसरा कसा लांबवून आणायचा, ढुंगण आलं तर ते वर सारून पाय कसे मोकळे करायचे, हेही आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाला पदवीसाठी प्रबंध लिहिला तो याच विषयावर, आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. ग्रंथातली विद्या आणि मांगवाड्यातली विद्या यांची कधी गाठ पडली होती का, हे मला ताईलाही विचारायचं सुचलं नाही. तिनं मात्र नाळेच्या दोन गाठींवर बोट ठेवलं. जुळ्यांची वार एकच असेल तर पहिल्याच्या कापलेल्या नाळेतून दुसऱ्याचं रक्त वाहून जाऊ शकतं. ‘तुमचे भाऊ-बहीण, म्हणजे वारा दोन, तो धोका नव्हताच. पण आतलं मुलगा की मुलगी हे तिला कुठं माहीत होतं?’

सुईणीचं कौतुक ऐकून मी फुलले होते, तेवढ्यात ताईनं विचारलं, ‘आजीच्या धाकट्या जावेचं काय झालं होतं गं?’

धाकटी जाऊ बाळंतपणात गेली. मूल आडवं होतं. सुईण तीच. ही गोष्ट आमच्याकडे एका वाक्यात संपते. तिच्यात दोर नाही, पेज नाही, हंडा नाही. आजीचा या जुळ्यांच्या आधीचा मुलगा आठव्या दिवशी आचके देऊन गेला, तो धनुर्वात, बहुधा नाळ कापलेल्या विळ्याचा. घराघरातून सांगितल्या जातात त्या कथा जगलेल्यांच्या, आणि त्या ऐकून जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जुळ्यांनंतर ताणलेलं गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही. ते थांबवायला त्या खोलीत कुणाकडे काय होतं? आजीचं नशीब, बस.

माझी मावशी सत्तरच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स होती. तेव्हा खेड्यात सोनोग्राफी कुठली. पोटात दोन आहेत हे कित्येकदा एक बाहेर आल्यावरच कळायचं. मूल झालं की रक्त थांबवायची सुई द्यायची, ती भरून तयार असायची. पण ती टोचण्याआधी हात पोटावर, हा नियम. सुई दिली, गर्भाशय आवळलं आणि आत दुसरं असलं तर ते कोंडलं जातं. मावशी निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी बाळंतीण बघायला गेली की पेढा घेण्याआधी तिचा हात आपोआप पोटाकडे जातो. घरच्या बायकांना ते विचित्र वाटतं.

आता महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि साधारण चारातलं एक सिझेरियन. पायाळू मूल म्हटलं की सिझेरियन हे जवळजवळ ठरूनच गेलंय. त्यामागे २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक मोठा अभ्यास आहे. २६ देश, दोन हजारांवर बायका, आणि निष्कर्ष असा की पायाळू मुलासाठी ठरवून केलेलं सिझेरियन अधिक सुरक्षित. पुढे त्यावर वाद झाले, पण जगभरच्या प्रसूतिगृहांनी एव्हाना हात झटकले होते. ताईचं दुखणं इथे आहे. तो अभ्यास एकट्या मुलांचा होता, जुळ्यांचा नव्हता. जुळ्यांतल्या दुसऱ्याची गत निराळी, कारण पहिल्याच्या डोक्यानं वाट पुरती उघडलेली असते. तिथे डॉक्टर आत हात घालून पाय धरून मूल बाहेर काढू शकतो, एकट्या पायाळूच्या बाबतीत हे कुणी सहसा करणार नाही. पण एकटी पायाळू मुलं खालून येईनाशी झाली तशी नव्या डॉक्टरांच्या हाताखालून ती जाईनात. मग जुळ्यांतल्या दुसऱ्याची वेळ आली की तेही हात घालायला कचरतात.

२०१३ साली जुळ्यांचाही अभ्यास आला, २५ देशांतला, पहिलं मूल डोक्याकडून असलेल्या सुमारे २,८०० बायकांचा. ठरवून सिझेरियन केलेल्यांत २.२ टक्के आणि नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्यांत १.९ टक्के बाळांच्या जिवावर बेतलं किंवा गंभीर इजा झाली, म्हणजे फरक नाहीच. मात्र नैसर्गिक ठरवलेल्यांतल्याही ४४ टक्के बायकांचं शेवटी सिझेरियन झालं, आणि ४ टक्क्यांच्या वाट्याला दोन्ही आलं: पहिलं मूल खालून, दुसरं पोटातून. हा शेवटचा आकडा ताई प्रत्येक जोडप्याला आधी सांगते. दोन्हीकडचे टाके घेऊन घरी गेलेली बाई तिनं पाहिलीय.

हे आमच्या घरात पुन्हा निघालं २०१६ साली. भाचीला जुळं, वारा दोन, पहिलं डोक्यावर, दुसरं पायावर, वजनं जवळपास सारखी. भाची ताईकडेच गेली आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली, खालूनच बघू. तिची सासू म्हणाली, कापून मोकळी हो. आत्यानं जोडकेळ कुणी खायला दिलं याची चौकशी लावली.

ताईनं मला आत येऊ दिलं, कोपऱ्यात. प्रसूतिकक्षाशेजारचं ऑपरेशन थिएटर उघडं ठेवलेलं, भूलतज्ज्ञ हजर, कमरेत भुलेची नळी आधीच घातलेली, रक्त मागवून ठेवलेलं, दोन बाळांसाठी दोन बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीचं मशीन खाटेला लागून. पहिलं मूल झालं. नाळेला दोन चिमटे. शिकाऊ डॉक्टर मुलीनं दोन्ही तळहातांनी भाचीचं पोट दोन बाजूंनी धरून ठेवलं, दुसऱ्यानं आडवं पडू नये म्हणून. कळा मंदावल्या तसं सलाइनमधलं औषध वाढवलं. ताईचा हात आत. पाणमोट तिनं मुद्दाम फोडली नाही. पाणी आहे तोवर मुलाला हलायला जागा असते आणि पाय पडद्याआडूनही हाताला लागतो. ‘टाच शोध,’ ती त्या मुलीला म्हणाली आणि तिचाही हात तपासायला लावला.

‘मॅडम, टाच नाहीये.’

सोनोग्राफी लावली. जागा मोकळी झाल्यावर त्या बाळानं पोटातल्या पोटात कोलांटी घेतली होती. असं होतं अधूनमधून. डोकं खाली, आणि आणखी थोड्या वेळानं ते सरळ, शहाण्यासारखं बाहेर आलं. ताईचा चेहरा पाहण्यासारखा होता. ती मुलगी पायाळू कसं काढायचं ते शिकायची राहिली ती राहिलीच.

बाळांच्या मनगटांवर १ आणि २ अशा पट्ट्या होत्या. आत्या संध्याकाळी आली, चष्मा लावून तिनं त्या वाचल्या आणि नर्सला सांगितलं की आकडे उलटे लागलेत. मागून येतो तो थोरला, कारण तो आधी राहिलेला असतो. नर्स म्हणाली, आजी, दाखल्यावर वेळ लागते. आत्या म्हणाली, ‘लागू दे. माझ्या दाखल्यावर १ जून लागलाय.’ मग थोरला म्हणून तिनं आधी दोन नंबरच्या हातात पैसे ठेवले.