तारप्याच्या नावाने गळा काढण्यापूर्वी

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात लग्नसराई सुरू झाली, की आमच्याकडच्या शिकल्यासवरलेल्या मंडळींच्या तोंडी एक ठरलेलं वाक्य येतं: तारपा संपला, डीजेने त्याचा जीव घेतला. हे वाक्य शिक्षकांकडून ऐकलं आहे, चिकूच्या बागायतदारांकडून ऐकलं आहे, वारली चित्रं घ्यायला मुंबईहून गाडी काढून आलेल्या पाहुण्यांकडून ऐकलं आहे. अलीकडे चाळिशी ओलांडलेले वारली नोकरदारही तेच म्हणतात. इतक्या वेगवेगळ्या माणसांचं एवढं एकमत झालेलं दिसलं, की मला आधी शंका येते.

पूर्वपक्ष मात्र नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. तारपा हे जिवंत श्वासावर चालणारं वाद्य. सुकवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, आत कंप पावणाऱ्या जिभल्या, सांधे बुजवायला मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. वाजवणारा गाल फुगवून नाकाने श्वास घेत राहतो आणि सूर तुटू देत नाही. एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेले नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की त्यांची पावलं बदलतात, त्यांची पावलं रेंगाळली की त्याला कळतं. डीजेच्या भिंतीला नाचणाऱ्यांच्या पायांची काय खबर? ती पेनड्राइव्हमध्ये भरलेलं ओकते. तेव्हा पूर्वपक्ष म्हणतो, की जिथे देवाणघेवाण होती तिथे आता फक्त आदळआपट उरली. हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

आधी याच चालीवरचं दुसरं एक रडगाणं पाहू. ऐंशीच्या दशकात डहाणू रोडवरून मुंबईच्या कॉलेजात शिकायला गेलेल्या माझ्या पिढीतल्या मुलांपैकी काहींना रॉकचं वेड लागलं. त्या वेडाचं देऊळ म्हणजे धोबी तलावजवळचं उघड्यावरचं रंगभवन आणि १९८६ पासून भरू लागलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’. त्यांचा देव म्हणजे १९८४ साली उभा राहिलेला ‘रॉक मशीन’. महेश तिनईकरची गिटार, उदय बेनेगलचा आवाज, १९८८ सालची ‘रॉक ’एन’ रोल रेनिगेड’ ही कॅसेट. आज साठीकडे झुकलेली ही मंडळी भेटली, की तिसऱ्या वाक्याला ‘तसा बँड पुन्हा झाला नाही’ हे येतंच. पुढे आजच्या पोरांच्या संगीताचा उद्धार. वारली तारप्याशी यांचा काडीचा संबंध नव्हता, पण विलाप मात्र शब्दाला शब्द तोच: आमचं अस्सल, यांचं कर्कश.

१९८९ साली मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवून पाहिली. ज्या वर्षी आपण साधारण साडेतेवीस वर्षांचे होतो, त्या सुमाराची गाणी माणसांना सगळ्यांत जास्त आवडतात असं त्यांना आढळलं. मग ते दशक कोणतं का असेना. अमेरिकेतला हा ठोकताळा आमच्या पाड्यांवर जसाच्या तसा लागू होईल असा माझा दावा नाही. पण जरा कानोसा घ्या. म्हातारा माणूस तारपा गेला म्हणून हळहळतो. पन्नाशीतला सांगतो, की खरी मजा क्लॅरिनेट आणि ट्रंपेटच्या बँडबाजात होती. पस्तिशीतल्याला टेम्पोवर चढलेला कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि माइक हातात घेऊन गाणारा गायक आठवतो, आणि ‘तेव्हा निदान माणसं तरी वाजवत होती’ असं म्हणून तो डीजेला शिव्या घालतो. ऱ्हास नेमका कधी सुरू झाला या प्रश्नाचं उत्तर सांगणाऱ्याच्या जन्मसालाप्रमाणे बदलतं. जे कारण साक्षीदाराच्या वयाबरोबर सरकतं, ते संगीतात शोधण्यात अर्थ नाही.

यावर उत्तर येतं, की वयाचा भाग असेल, पण म्हणून दर्जा नावाची गोष्टच नाही का? आहे. पण तो ठरवण्याचं काम हळहळीकडे दिलं की काय होतं याचा दाखला आपल्याच माणसाने घालून दिला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे, १९५२ ते १९६२ केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री. शास्त्रीय संगीताचे खरे कैवारी. सिनेमाची गाणी थिल्लर आहेत, रुची बिघडवतात, म्हणून त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली, डिसेंबर १९५२ पासून तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती काढावी लागली. आज ‘जुनं ते सोनं’ म्हणून ज्या काळाच्या गाण्यांना आपण हार घालतो, तो हाच काळ. १९५२ सालीच ‘बैजू बावरा’ आला होता. केसकर गाण्याचे जाणकार होते, कान नसलेला कोणी बाबू नव्हे, म्हणून हा दाखला जास्त बोचरा आहे.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट आमच्या टेम्पोवरच्या कीबोर्डवाल्याला फार जवळची आहे. १९५४ च्या ‘नागिन’मधली पुंगी आठवते? ती पुंगी नव्हतीच. संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर तो सूर काढला होता. भोपळ्यात दोन नळ्या बसवलेली पुंगी म्हणजे नात्याने तारप्याची बहीणच. तिची नक्कल परदेशी विजेच्या पेटीवर झाली, आणि गेली सत्तर वर्षं देशभरच्या वरातींत लोक त्या सुरावर नाग होऊन जमिनीवर लोळताहेत. ते अस्सल पुंगीवर व्हायला हवं होतं अशी तक्रार कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग डहाणूच्या बँडमधला पोरगा कीबोर्डवर तारप्याची चाल वाजवतो, तेव्हाच संस्कृती का बुडते? खाली त्याच चालीला कमरेत हात घातले जातात, तोच फेर धरला जातो. मोबाइलवर ‘तारपा’ शोधलं तर भोपळ्याचा तारपा आणि कीबोर्डचा तारपा शेजारीशेजारी दिसतात, आणि पोरांना त्यात विसंगती वाटत नाही. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, हे दोन्ही एकाच रस्त्यावर ऐकू येतात.

मुळात ‘लग्नात आता तारपा ऐकू येत नाही’ या तक्रारीचा पत्ताच चुकला आहे. तारप्याचा मुख्य हंगाम भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंतचा. लग्नं त्यानंतर कित्येक महिन्यांनी, शेतीची कामं उरकल्यावर. डीजे वाजतो तो मुख्यतः लग्नात आणि हळदीला. म्हणजे डीजेने ज्याची जागा घेतली ते तारपा नव्हे, आणखी काहीतरी आहे. त्याकडे शेवटी येतो.

मग सगळ्यांच्या डोक्यात तारपाच का बसला? कारण तो चित्रात आहे. रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर, कपांवर, साड्यांवर, सरकारी कॅलेंडरांवर आपण तारप्याभोवती वळत गेलेली माणसांची साखळी पाहतो आणि तीच वारली समाजाची कायमची तसबीर समजतो. आता ही तसबीर घराघरांत कशी पोचली ते पाहा. वारली घरात चित्र काढलं जायचं ते लग्नात, तांदळाच्या पिठाने, आणि काढायच्या सवाष्णी बायका. चौकात पालघाट देवी बसायची. सत्तरच्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे या पुरुषाने ही रेघ विधीबाहेर आणली, कागदावर आणि कापडावर काढली, लग्न नसतानाही काढली, विकली. त्या काळच्या एखाद्या कर्मठ जाणकाराने ‘विधी बाटवला’ म्हटलं असतं तर आजच्या डीजेविरोधकाचाच युक्तिवाद त्याला पुरला असता. मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले, तेव्हा परंपरेचा आधारस्तंभ गेला असंच सगळ्यांनी लिहिलं. बरोबरच लिहिलं. ज्याने परंपरा मोडून वाढवली, तोच तिचा आधारस्तंभ ठरला. त्यांनी जे ब्रशने केलं, ते कीबोर्डवाला आपल्या कुवतीप्रमाणे करतो आहे. कुवत तोकडी असेल, पण गुन्हा वेगळा नाही.

आणि तो जुना काळ. त्याची आठवण काढताना आमची मंडळी संध्याकाळ, चांदणं, तारप्याचा घुमणारा सूर असं बरंच काही रंगवतात. त्या काळात या तालुक्यांत लग्न कसं होत असे ते गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये वाचावं. १९७० चं पुस्तक, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या कर्जापोटी नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरी भागातल्या झरीला हजारो वारली जमले, वेठ करायची नाही असं ठरलं, आणि त्या उठावात लग्नगडी मोकळे झाले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथीदार मेले. या इतिहासापुढे उभं राहून पाहिलं, तर स्वतःच्या कमाईतून, कारखान्यातल्या पगारातून पोराच्या हळदीला डीजे सांगणारा बाप मला निराळा दिसतो. त्याच्या आजोबाला वाद्य निवडायची चैन नव्हती, नवरी घरात आणण्याची किंमतच आयुष्यभराची होती. त्याने निवडलेलं वाद्य मला आवडत नाही, हा माझ्या कानांचा प्रश्न झाला.

डीजे मला आवडत नाही, हे लपवायचं कारण नाही. त्याविरुद्ध बोलायला मात्र गतकाळाची उसनवारी लागत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली शिक्कामोर्तब केलं. या मोजपट्टीवर डीजे सपशेल नापास होतो. पण गंमत अशी, की याच मोजपट्टीवर रंगभवनही नापास झालं होतं. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे ते शांतता क्षेत्रात आलं, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले कार्यक्रम बंद पडले. आमचे रॉकवाले मित्र त्या बंदीला आजही सांस्कृतिक खून म्हणतात, आणि गल्लीत डीजे लागला की पोलिसांना फोन करतात. आवाज आपल्या तारुण्याचा असला की संगीत, दुसऱ्याच्या तारुण्याचा असला की प्रदूषण. ‘रॉक मशीन’ स्वतः मात्र आठवणींत रमला नाही. १९९३ साली नाव बदलून तो ‘इंडस क्रीड’ झाला, १९९७ ला फुटला, २०१० ला पुन्हा जमला, आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा नवा अल्बम घेऊन आला. अडकून पडले ते श्रोते.

आता राहिलेला हिशेब. डीजेने तारपा मारला नाही. जव्हारकडे वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारख्यांनी तो घडवत आणि वाजवत ठेवला आहे, सरकारी कार्यक्रमांना तारप्याशिवाय रंग चढत नाही, शाळांच्या स्नेहसंमेलनांत तो असतो. लग्नातल्या भोंग्याखाली जी दबली ती धवलेरी. वारली लग्न लावणारी ही बाई. चौक लिहिला जात असताना ती गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय देवी चौकात येत नाही, लग्न लागत नाही. तिच्याकडे वाद्य नाही. आहे तो फक्त घसा आणि पाठ असलेली लांबलचक गाणी. पाचशे वॅटची भिंत अंगणात थरथरू लागली की घरातला तिचा आवाज शेजारी बसलेल्या पोरीलाही ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही तर पोर ते शिकणार कशी? हे नुकसान खरं आहे, आजचं आहे, आणि डीजेच्या खात्यावर सरळ मांडता येतं. पण त्याबद्दल मी एकाही बागायतदाराला, शिक्षकाला किंवा मुंबईच्या पाहुण्याला हळहळताना ऐकलेलं नाही. धवलेरीचं गाणं कपावर छापता येत नाही. आमच्या कोणाच्या तारुण्यात ते वाजलेलं नव्हतं. आपण लग्नाला गेलो तरी जेवणाच्या वेळेला गेलो, आणि तेव्हा तिचं काम संपलेलं होतं.