मानेतील धमनीचा कानोसा

अर्धांगवायूचे मूळ मेंदूतच असावयाचे, ही समजूत वैद्यकात एके काळी इतकी पक्की होती की शवपरीक्षेतही कवटी उघडून मेंदू तपासला जाई आणि मान बहुधा जशीच्या तशी राही. सी. मिलर फिशर या कॅनेडियन वैद्याने हा शिरस्ता मोडून मानेतील कॅरॉटिड धमन्या उघडून पाहिल्या आणि १९५१ साली दाखवून दिले की, मेंदूवर कोसळणाऱ्या कित्येक आघातांचा उगम बराच खाली, धमनीला दोन फाटे फुटतात तेथे साचलेल्या मेदाच्या थरात, म्हणजे प्लाकमध्ये असतो. पुढे तीनच वर्षांनी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी एका रुग्णेच्या धमनीचा असा दूषित भाग कापून टाकून उरलेली टोके सांधली. उपाय हाती आला. परंतु हा थर कोणाच्या मानेत आहे हे जिवंतपणी ओळखावयाचे, तर एगास मोनिश यांनी १९२७ साली लिस्बनमध्ये प्रचारात आणलेल्या रीतीने धमनीत द्रव्य टोचून क्ष-किरणांनी चित्र घ्यावे लागे, आणि ज्या झटक्याच्या भीतीने ही तपासणी करावयाची, तोच झटका क्वचित तिच्यातूनच उद्भवे.

ज्या साधनाने ही अडचण दूर केली ते वैद्यांच्या घरचे नव्हते. दाब पडताच विद्युत् उत्पन्न करणाऱ्या स्फटिकांचा गुण पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली शोधला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी त्याच गुणाच्या आधारे, कानाला ऐकू न येणारा ध्वनी समुद्रात सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपला. आणि नंतर पोलादातील चिरा शोधण्यासाठी कारखाने व गोद्या त्याचा उपयोग करू लागल्या. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथील हृदयवैद्य इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हेलमुट हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या गोदीतले असेच एक यंत्र आधी चाचपून पाहिले आणि नंतर सीमेन्सकडून उसने आणलेल्या यंत्राने हृदयाचे प्रतिध्वनी नोंदविले. कंपनांच्या एककाला ज्यांचे नाव आहे ते हाइनरिश हर्ट्झ या हेलमुट यांच्या वडिलांचे चुलते होते, हा योगायोग इतिहासाने जणू हौसेने जुळविला आहे.

वाहत्या रक्ताचा कानोसा घेण्याची कल्पना मात्र जपानची. ओसाका विद्यापीठातील शिगेओ सातोमुरा यांनी १९५० नंतरच्या दशकात, डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग येथे युग्मताऱ्यांच्या रंगासंबंधी मांडलेला सिद्धान्त शरीरातील हालचालींना लावला आणि रक्ताचा वेग ध्वनीच्या बदललेल्या स्वरातून वाचण्याची वाट खुली केली. अरुंद घाटात नदीला ओढ यावी तसा चिंचोळ्या धमनीत रक्ताचा वेग वाढतो. तेव्हा वेग कळला की अडथळ्याचा अंदाज येतो. सिएटल येथील शल्यवैद्य यूजीन स्ट्रँडनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ च्या सुमारास धमनीचे चित्र आणि रक्ताचा वेग एकाच यंत्रात आणले, आणि आज आपल्याकडे डॉक्टर ‘मानेची डॉप्लर करून या’ असे सांगतात त्या तपासणीचा पाया घातला गेला.

परंतु वेग हा अरुंदपणाचा दाखला आहे, धोक्याचा नव्हे. १९९१ साली उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, धमनी सत्तर टक्क्यांहून अधिक आकुंचलेल्या आणि आधी लक्षणे दिसलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर ठेवलेल्यांत दोन वर्षांत सुमारे २६ टक्क्यांना त्याच बाजूचा झटका आला, शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्क्यांना. या आकड्यांनी शल्यवैद्यांना बळ दिले खरे, पण औषधांवरच्या दर चौघांपैकी उरलेल्या तिघांच्या धमन्या तितक्याच अरुंद असूनही शांत का राहिल्या, याचे उत्तर अरुंदपणात नव्हते. ते प्लाकच्या घडणीत शोधावे लागले. चुना आणि तंतू यांनी कठीण झालेला थर ध्वनी जोराने परतवितो आणि पडद्यावर पांढरा, भयंकर दिसतो, तरी तो बहुधा स्थिर असतो. उलट मऊ मेद आणि आत झिरपलेले रक्त यांचा थर ध्वनी फारसा परतवीत नाही, म्हणून तो वाहत्या रक्ताइतकाच काळा दिसतो आणि तोच फुटून त्याचे कण मेंदूत जाण्याची भीती अधिक. अनुभवी नजरेलाही असा थर चुकत असे. रक्ताला रंग देणारी डॉप्लर आल्यावर, रंग भिंतीपर्यंत न पोहोचता मध्येच थांबतो त्या रिकाम्या जागेवरून तो ओळखू येऊ लागला. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील पाहणीने २००१ साली या काळ्या थरांचा झटक्याशी असलेला संबंध सामान्य लोकवस्तीतही दाखविला.

पण काळेपणा यंत्राची कळ फिरविताच कमीजास्त होतो. म्हणून रक्ताला शून्य आणि धमनीच्या बाह्यावरणाला १९० असे अंक देऊन मधल्या छटा मोजण्याचा प्रघात पडला. तरीही लक्षणे नसलेल्या प्रत्येकाची मान सरसकट तपासावी काय, या प्रश्नाला अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञमंडळाने २००७ पासून पुनःपुन्हा नकारच दिला आहे. असा रोग विरळा असल्याने निरोगी माणसे नाहक रोगी ठरतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या नशिबी जी शस्त्रक्रिया येते, तिनेही झटका येऊ शकतो.