महाडचा हल्ला, खैरलांजीचे अपील आणि ‘कारणावरून’ हा शब्द

चवदार तळ्याचा इतिहास आपण सांगतो तो बहुधा ओंजळीपाशी येऊन थांबतो. बाबासाहेब पायऱ्या उतरले, पाणी प्याले, त्यांच्यामागून हजारो माणसे प्याली. सभांतून आणि पाठ्यपुस्तकांतून एवढेच येते. त्यानंतर काही तासांत महाडच्या रस्त्यांवर जे घडले आणि त्याचा पुढे जो फौजदारी खटला झाला, त्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. वास्तविक जमावाने मिळून केलेल्या मारहाणीकडे कायदा कसा पाहतो हे समजून घ्यायचे, तर सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच मंजूर झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आदी मंडळींनी जुळवून आणलेल्या त्या परिषदेतून माणसे तळ्यावर गेली, ती कायदा मोडायला गेली नव्हती. कागदावर असलेला हक्क ती वापरायला गेली होती. तरीही अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. जेवत असलेल्या माणसांना झोडपले, शिजवलेले अन्न मातीत तुडवले. गावाकडे परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारले. सुमारे वीस माणसे गंभीर जखमी झाली. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, ही गोष्ट कोकणात तरी विसरू नये.

बाबासाहेब डाक बंगल्यात उतरले होते. तिथे जमलेले आपले लोक सूड घ्यायला उतावीळ झाले होते. त्यात सैन्यात राहून आलेले लोकही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. याचे वर्णन आपण संयम, अहिंसा अशा शब्दांत करतो. मला त्यात वकिलाची नजरही दिसते. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी लाठी चालली असती तर उलट फिर्याद झाली असती, आणि मार खाल्लेले लोकही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले असते. गावोगावच्या मारहाणीच्या प्रकरणांत हेच घडते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारावे.

या खटल्यात जिल्हा मॅजिस्ट्रेटने ६ जून १९२७ रोजी पाच जणांना प्रत्येकी चार महिन्यांची सक्तमजुरी दिली. जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू नव्हते म्हणून न्याय मिळाला, असा बाबासाहेबांचा अभिप्राय धनंजय कीरांनी नोंदवला आहे. हजारोंच्या परिषदेवर झालेल्या हल्ल्याची किंमत पाच माणसांचे चार-चार महिने! आणि कायद्याच्या लेखी तो दंगा होता. मार खाणारे कोण, मारणारे कोण, कशासाठी मारले, हे विचारायची तेव्हाच्या दंडसंहितेत सोयच नव्हती. दिवाणी दावा मात्र दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकाली काढला, पण कोणत्या आधारावर? समतेच्या नव्हे. सवर्णांना आपली रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध करता आले नाही, एवढ्याच आधारावर. ती सिद्ध झाली असती तर?

आता ऐंशी वर्षे पुढे येऊ. भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा आणि तिन्ही मुले जमावाने ठार मारली आणि प्रेते कालव्यात टाकली. शेजारच्या धुसाळ्याच्या पोलीस पाटलाला त्याच महिन्यात मारहाण झाली होती. सुरेखाबाई आणि त्यांच्या मुलीने मारणाऱ्यांना ओळखले होते. ते लोक जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड झाले. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागू केले नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने अपिलात फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. जातीचे कलम तिथेही लागले नाही. हा सूड होता, असे ठरले. फाशी रद्द झाली याचे मला दुःख नाही. दोराने जात मरत नाही. पण सूड आणि जात हे दोन वेगळे हेतू असल्यासारखे मांडले गेले, हे मात्र खुपते. गावात बौद्धांची अवघी दोन-तीन घरे. त्यातल्या एका बाईने पोलिसांपुढे नावे सांगायची, याचा राग कोणाला येतो? सुरेखाबाई बहुसंख्य जातीतल्या असत्या, तर त्या साक्षीचा सूड असा, अख्ख्या कुटुंबावर, गावाच्या डोळ्यांदेखत घेतला गेला असता काय?

अपिलात जमावाचा खून नेहमी दोन ठिकाणी अडकतो. पहिले ठिकाण हजेरीचे. दंडसंहितेच्या १४९ व्या कलमाने बेकायदा जमावातला प्रत्येक जण समान उद्देशासाठी झालेल्या गुन्ह्याला जबाबदार असे. पण तो तिथे होता हे दाखवायचे कसे? मसालती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली सांगितले की, आरोपी पुष्कळ असतील तेव्हा दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांची सुसंगत साक्ष पाहणे योग्य. निरपराध माणूस गोवला जाऊ नये म्हणून ही कसोटी रास्तच आहे. परंतु ज्या वस्तीत घरेच दोन-तीन, तिथे तीन साक्षीदार आणायचे कोठून? बाकीचे गाव तर आरोपींचे भाऊबंद. महाडला साक्षीला हजारो होते. खैरलांजीत एकटे भैयालाल आणि मोजकी माणसे. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये वारले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून होते.

दुसरे ठिकाण हेतूचे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ३(२)(५) मध्ये गुन्हा बळीच्या जातीच्या ‘कारणावरून’ केलेला असला पाहिजे अशी अट होती. मारेकरी काही कारण सांगून मारीत नाही. तो शेताची वाट सांगतो, गाईगुरे सांगतो, भांडण सांगतो. २०१५ च्या दुरुस्तीने, जी जानेवारी २०१६ मध्ये अमलात आली, हा शब्द काढला. आता मृताची जात ठाऊक असणे पुरेसे केले. २७ एप्रिल २०२१ च्या पाटण जमाल वली निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जुन्या शब्दांचाही अर्थ ‘केवळ त्याच कारणावरून’ असा नव्हे. जात हे अनेक कारणांपैकी एक असू शकते. त्या खटल्यात मात्र पुराव्याअभावी ते कलम टिकले नाही, आणि या पेचाकडे आपल्या चळवळीतल्या वकिलांनी लक्ष द्यायला हवे.

कारण तो शब्द परत आला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे, जमावाच्या हत्येला स्वतंत्र कलम मिळाले आहे. पण खून वंश, जात, समाज, भाषा इत्यादींच्या ‘कारणावरून’ झालेला असला पाहिजे, ही अट तिथे आहेच. एका कायद्यातून काढलेला शब्द दुसऱ्यात आला. उद्या एखाद्या वाडीवर असे काही झाले, तर बचावाचा वकील जमिनीचा वाद पुढे करील, आणि फिर्याद घेणाऱ्या हवालदारापासून सरकारी वकिलापर्यंत सर्वांना पहिल्या दिवसापासून जातीचा पुरावा गोळा करावा लागेल. कोण काय ओरडले, कोणत्या वाटेवरून जाऊ दिले नाही, गेल्या पाच वर्षांत कोणी कोणते काम नाकारले, हे सारे फिर्यादीत पहिल्याच दिवशी लिहून घेतले पाहिजे. अपिलात ते नव्याने आणता येत नाही. महाविद्यालयातल्या मुलांना मी खैरलांजीच्या नागपूर निकालातला हेतूसंबंधीचा भाग आणि पाटण जमाल वली निकाल शेजारी ठेवून वाचायला सांगतो. दोन्ही वाचून झाल्यावर ती पहिल्यांदा विचारतात, मग महाडच्या त्या पाच जणांना कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली होती?